महादेवाच्या मागचं झाड

आकाराम खाडे यांनी आयुष्यात कुणाचं दूध तपासल्याशिवाय आत घेतलं नाही. दूध संघाच्या संकलन केंद्रावर ते तपासनीस होते. कॅनचं झाकण उघडून, नाक खाली नेऊन, "ह्यात पाणी हाय" एवढं एकच वाक्य त्यांनी पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंत इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या गळ्यात हार घालायला संघाला माणूस शोधावा लागला. सख्ख्या मेव्हण्याचं दूधसुद्धा त्यांनी परत पाठवलं होतं. मेव्हणा अजून दिवाळीला येतो, पण या घरात चहा काळा पितो.

अशा माणसाची बायपास झाली आणि डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी चालायला सांगितलं. सांगताना डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचा विचार केला, कॉलनीचा केला नाही. उचगावच्या अंगाला असलेल्या या संजीवनी कॉलनीत चालण्याजोगी जागा एकच होती, ती म्हणजे महादेवाच्या देवळाभोवतीची फरशी. देवळाच्या मागं बेलाचं मोठं झाड होतं. सगळी कॉलनी त्याला बेल म्हणायची आणि श्रावणात ओरबाडायची. आकारामही बेलच म्हणायचे, कारण नोकरीत असताना ते पहाटे घर सोडायचे आणि दिवे लागल्यावर परत यायचे. झाड त्यांनी उजेडात असं कधी बघितलंच नव्हतं.

ते त्यांनी चैत्राच्या तोंडाला बघितलं, कारण झाड फुललं होतं. पांढरी फुलं, शिळी झाली की पिवळट होणारी, आणि प्रत्येकातून लांबच लांब जांभळे केसर बाहेर आलेले. आकाराम जागच्या जागी थांबले. बेलाचं फूल त्यांना माहीत होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांच्या बांधावर बेल होता. त्याचं फूल बारीक, हिरवट, घमघमणारं. आणि पानाला हात घालावा तर काटा रक्त काढायचा. इथं काट्याचा पत्ता नाही. त्यांनी एक पान तोडून चुरगळलं. बेलाच्या पानाचा वास दुपारपर्यंत बोटांना राहतो, याला नुसता पाल्याचा वास. दुसरं पान तोडून नीट बघितलं. बेलाचं मधलं पान आपला वेगळा देठ काढून बाजूच्या दोघांपासून जरा पुढं उभं असतं. इथं तिन्ही पानं एकाच जागेवरून निघालेली.

"ह्यात पाणी हाय," आकाराम स्वतःशीच म्हणाले.

मग मागच्या गोष्टींचाही उलगडा व्हायला लागला. दर महाशिवरात्रीला हे झाड नेमकं बोडकं असायचं. ज्या दिवशी बेल पाहिजे त्याच दिवशी बेलाला पान नाही! कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, देव परीक्षा बघतोय. आणि मंडईतून विकतचा बेल आणायच्या. परीक्षा दरवर्षी त्याच तारखेला कशी लागते, असं कुणी विचारलं नव्हतं.

आता कुणालाही वाटेल की माणसानं गप्प राहावं. साठी उलटलेली, छाती उघडून शिवलेली, झाड काही आपल्या दारातलं नव्हे. पण दुधात पाणी दिसल्यावर गप्प बसलेला तपासनीस हा आकारामांच्या मते चोराचा भाऊ. ते तडक शेजारच्या वर्धमान मगदुमांकडे गेले. मगदुमांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, त्यामुळे जमिनीतून जे जे उगवतं त्यावर त्यांचं मत असायचं.

"आमी जैन, आमच्यात बेल वाहायचा प्रश्न न्हाय," वर्धमान म्हणाले, "म्हंजे मी ह्यात एकदम निष्पक्ष. आणि माझ्याकडं झाड ओळखायचं ॲप हाय, जावयानं घालून दिलंय. दावा पान."

पानाचा फोटो निघाला. मोबाईलनं थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं, सोयाबीन.

आकारामांनी देवळाच्या शिखराच्या वर गेलेल्या झाडाकडे बघितलं. "वर्धमानशेठ, ह्याला सोयाबीन म्हणायचं?"

"बियाणं चांगलं असंल," वर्धमान म्हणाले.

दुसऱ्या फोटोत आकारामांचा अंगठा आला. त्याला ॲपनं आलं म्हटलं. आपला अंगठा सुंठीच्या कुळातला असल्याचं कळल्यावर आकाराम जरा दुखावले आणि विज्ञानाची ही शाखा त्यांनी तिथंच सोडली. शेवटी वर्धमाननीच एक नंबर दिला. संयोगिता मॅडम, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "खाली पडलेलं फूल आणि दुसरीकडचं पान असलं काही आणू नका. एकाच डहाळीवर पानही पाहिजे आणि फूलही. तरच बोलू."

आकारामांना भरून आलं. नमुना नीट घेतला पाहिजे म्हणणारं माणूस त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटत होतं.

फुलं वर होती, म्हणून शिडी आणली. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेल सोमवारी तोडत नाहीत. सोमवारचा बेल आदल्या दिवशी तोडून ठेवायचा, ही रीत कोल्हापुरात लहान पोराला विचारली तरी तो सांगेल. आकारामांनाही ती माहीत होती. पण हा बेल नव्हेच, असं त्यांचं पक्कं मत झालेलं असल्यामुळे वाराचा विचार करायचं त्यांना कारण उरलं नव्हतं. विचार अगदी बिनचूक होता. फक्त तो शिडीखाली जमलेल्या भजनी मंडळाला ठाऊक नव्हता.

"आवो खाडेसाहेब! आज सोमवार हाय की!"

"फांदीच मोडली बया! भर सोमवारी!"

"बायपास झालेला माणूस शिडीवर कशाला चढतोय म्हणते मी!"

"कुणाला तरी बोलवा, पडला तर देवळाचं नाव हुईल!"

खालून इतके आवाज आले की आकारामांचा तोल गेला. तो शिडीवरचा नव्हे, जिभेचा गेला. उजव्या हातात डहाळी धरून ते तिथूनच गरजले, "हा बेलच न्हाय! कानानं ऐका समद्यांनी! इतकी वर्षं तुमी देवाला भलतंच झाड घातलंय!"

त्या बायकांत हातात पूजेचं ताट घेऊन आकारामांची बायको शालन उभी होती. तिनं वर बघितलं, ताट तसंच धरलं आणि घरी निघून गेली. आकारामांना वाटलं, सोमवारच्या पापाचा राग आला असेल, संध्याकाळपर्यंत उतरेल.

तो उतरला नाही. त्या दिवसापासून शालन नवऱ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, गोळ्या वेळच्या वेळी ताटाशेजारी मांडायची. शब्द मात्र एक नाही. जे बोलायचं ते कुकरशी बोलायची. आकारामही कमी नव्हते. खरं बोलल्याबद्दल माफी मागायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

डहाळी स्कूटरच्या पुढ्यात उभी करून ते कॉलेजला निघाले. सिग्नलला शेजारच्या टेंपोवाल्यानं विचारलं, "पावणं, कुणाच्या लग्नाला?" कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं.

"झाड आत न्यायला परवानगी लागती."

"हे झाड न्हाय, डहाळी हाय."

"डहाळी कशाची हाय?"

"तेच विचारायला आलोय की!"

"म्हंजे काय घिऊन चाललाय ते तुमास्नीच म्हाईत न्हाय," पहारेकरी म्हणाला. "मग मी कसं सोडू?"

शेवटी मॅडमच फाटकापर्यंत आल्या. त्यांनी पान बघितलं, फूल बघितलं आणि हसल्या. "वायवर्ण. वरुणही म्हणतात. आपल्याच मातीतलं झाड, ओढ्याकाठचं. थंडीत पानं टाकतं आणि उन्हाळा लागताना फूल आणि पालवी बरोबर धरतं. पान त्रिदळ, फळही गोल, म्हणून लोक बेल समजतात. एवढं मोठं आता सहसा बघायला मिळत नाही, काका. जपा त्याला."

वायवर्ण. आकारामांनी ते नाव दोन-तीनदा उच्चारून बघितलं. एवढा देखणा प्राणी आपल्या देवळामागं इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर राबत होता, याची त्यांना मनापासून चीड आली. "हे बेल न्हाय असं लेखी द्या," ते म्हणाले. मॅडमनी दिलं, शिक्क्यासकट. तो कागद त्यांनी देवळाच्या फळ्यावर डकवला, आणि जन्मभर लोकांना पाणी दाखवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण रविवारी त्यांचा सत्कार झाला. कॉलनीचे अध्यक्ष उदयसिंह माने यांनी देवळाच्या मांडवात माणसं जमवली, आकारामांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि "विज्ञानवादी काका" असं म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. एखादी वस्तू नापास केल्याबद्दल टाळ्या मिळायची आकारामांची ही पहिलीच वेळ. ते इतके सुखावले की भाषणाचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानात जरा उशिरा शिरलं.

"…तेव्हा आता ते झाड बेल न्हाय हे काकांनी सिद्धच केल्यामुळं," उदयसिंह म्हणत होते, "तोडायला कुणाच्या श्रद्धेचा प्रश्न येत न्हाय. त्या जागेवर आपुन चारचाकींसाठी झकास शेड घालू!"

पुन्हा टाळ्या झाल्या. उदयसिंहांची नवी गाडी उन्हात उभी राहते आणि तिचा रंग जातो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आजवर बेलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, एवढंच. आकाराम मांडीवर नारळ घेऊन बसून राहिले. शाल त्यांना एकदम टोचायला लागली.

त्या संध्याकाळी वर्धमानची बायको सुरेखा वाटीभर आमटी घेऊन आली आणि शालन आत आहे असं बघून हळूच म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? तुमास्नी खरंच म्हाईत न्हाय व्हय वहिनी का बोलंनात ते?"

"सोमवारी फांदी मोडली म्हणून."

"मोडली ती मोडली. तुमचं ऑपरेशन झालं तवा वहिनींनी लाखोळी बोलली होती. लाख पानं, एकेक पुसून, नाव घेत महादेवाला वाहायची. मागचा सगळा श्रावण त्या त्यातच हुत्या. तुमी पडून हुता, तुमास्नी कोण सांगणार? ती पानं ह्याच झाडाची. आणि तुमी शिडीवरनं सांगितलासा, भलतंच झाड घातलंय म्हणून."

आकारामांनी आमटीची वाटी खाली ठेवली. आपल्याच छातीसाठी बोललेल्या नवसाला आपणच नापास केलं होतं, आणि तेही गावासमोर. मेव्हण्याचं दूध परत पाठवताना त्यांना असं काही वाटलं नव्हतं. त्यांना उठून आत जावंसं वाटलं. पण जाऊन म्हणायचं काय? बेल आहे म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर ते आधीच म्हणून झालं होतं.

तेव्हा त्यांनी निदान झाड वाचवायचं ठरवलं. झाडांची प्रकरणं बघणाऱ्या कचेरीत ते हरकत घ्यायला गेले. तिथल्या साहेबांनी उदयसिंहांच्या अर्जाची फाईल काढली. फाईलमध्ये वरच आकारामांनी मिळवलेला, देवळाच्या फळ्यावरून काढून आणलेला शिक्क्याचा कागद होता.

"झाड बेलाचं नाही असं तुमचंच म्हणणं आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"मग हरकत कशाला?"

"बेल न्हाय म्हंजे झाडच न्हाय असं हाय का? वायवर्ण हाय ते!"

"अर्जात 'जंगली, निरुपयोगी' असं आहे. उपयोग काय आहे त्याचा?"

आकारामांनी विचार केला. "फुलतंय की."

"फुलणं हा उपयोग होत नाही."

"तुमी कधी फुलून बघितलायसा व्हय?"

हे बोलणं फाईलच्या दृष्टीनं बरं झालं नाही. परवानगी आठवड्याच्या आत उदयसिंहांच्या हातात पडली.

मग कॉलनीचे सल्ले सुरू झाले. सल्ला एकच होता, फक्त देणारे वेगळे. आकारामांनी चूक झाली म्हणावं. वय झालं, डोळे गेले, बेलच आहे म्हणावं, म्हणजे झाडाला कोण हात लावतंय? वर्धमान तर हात जोडून म्हणाले, "एक शब्द, खाडेसाहेब. दुधात थेंबभर पाणी. झाड जगतंय."

"खोटं सांगून जगलं तर बेल जगला. वायवर्ण मेलाच की!" आकाराम ओरडले. "आपलं नाव लपवून जगायला त्यानं कुणाचं काय खाल्लंय? मी न्हाय म्हणणार. नावासकट ऱ्हाईल, न्हाईतर मला आधी तोडा." बायपासच्या माणसानं इतक्या मोठ्यानं ओरडायचं नसतं. कुकरमागून शालननं एकदा वळून बघितलं, पण बोलली नाही.

तोडायचा दिवस उजाडला. करवतीचं यंत्र घेऊन कृष्णात नावाचा तोडणारा आला, तेव्हा आकाराम बुंध्याला पाठ लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. वरून पांढरी-पिवळी फुलं त्यांच्या टकलावर पडत होती.

"काका, उठा," उदयसिंह म्हणाले. "परवानगी हाय."

"आसू दे. मी बी हाय."

"पोलीस बोलवू व्हय आता?"

"बोलव. चांगला शिक्क्याचा बोलव."

कृष्णातनं यंत्र सुरू करून बघितलं. त्याच्या आवाजानं घराघरांतून माणसं बाहेर आली, आणि पाठोपाठ देवळाच्या पुढच्या बाजूनं भजनी मंडळ आलं. पुढं शालन होती. बायका आल्या आणि झाडाभोवती बसल्या. कृष्णातनं यंत्र बंद केलं.

उदयसिंहांना यंदा पंचायत समितीला उभं राहायचं होतं. बसलेल्या बायकांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली, मनातल्या मनात मतं मोजली, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ते आकारामांच्या शेजारी उकिडवे बसले.

"काका, मला बी माघार घ्यायला कायतरी निमित्त लागतंय की. तुमी फक्त एवढंच म्हणा, बघण्यात चूक झाली, हा बेलच हाय. मी हितंच समद्यांसमोर माफी मागतो. बेलाला माझ्या खर्चानं पार बांधून देतो. एक शब्द, काका."

सगळे आकारामांकडे बघायला लागले. वर्धमान डोळ्यांनी विनवत होते. आकारामांनी शालनकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती. त्यांच्या मनात आलं, आपला हा एक शब्द गेला तर झाड तर वाचतंच, पण हिची लाखोळीही खरी होते. त्या श्रावणातलं एकेक पुसलेलं पान बेलाचं ठरतं. लोकांसमोर आपणच मोडलं, लोकांसमोर आपणच जोडून द्यायचं. जन्मात कुणासाठी केलं नाही ते आता हिच्यासाठी करायचं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, आणि तरीही ते उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "ठीक हाय. ऐका समद्यांनी. माझी बघण्यात… हा जो काय… हा बे…"

"खबरदार! बेल म्हणालासा तर!"

शालन उभी राहिली होती. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज होता, तो पार हमरस्त्यापर्यंत गेला.

"लाख पानं ह्या हातांनी वाहिल्यात मी. एकेक पुसून. ती ह्याच झाडाची! महादेवाला काय बेल वळखत न्हाय व्हय? मी वळखलं नसंल, त्यो वळखतोय की. वळखून घेतलंय त्यानं. माझा नवरा चालत घरी आलाय, ह्यो हितं उभा हाय, बघा. आता ज्या झाडानं दिलं त्याचं नाव पुसायचं आणि दुसऱ्याचं लावायचं? मी करू देणार न्हाय. वायवर्ण हाय ह्ये! उदयसिंह, तोडायचं आसंल तर वायवर्ण म्हणून तोड, आमच्या म्होरं तोड. न्हाईतर यंत्र घिऊन माघारी जा."

भजनी मंडळातली एकही बाई हलली नाही. उदयसिंहांनी मोबाईल कानाला लावला, तो वाजलेला नसताना "हॅलो, हॅलो" केलं, आणि बोलत बोलत गाडीपर्यंत गेले. गाडीत बसले आणि गेले. कृष्णातनं कुणाकडे न बघता दोर गुंडाळला, यंत्र टेंपोत टाकलं आणि तोही निघाला. वर्धमाननी जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण कुणी साथ दिली नाही म्हणून थांबले.

आकाराम अजून उभेच होते. डोळ्यांत पाणी आहे हे तपासायला कुणाची गरज नव्हती. शालन जवळ आली. तिनं त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, डोक्यावरची फुलं झटकली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"सकाळची गोळी घेतलासा?"

"न्हाय."

तिनं पदराची गाठ सोडली, गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः शेजारी फरशीवर मांडी घालून बसली.

"घ्या. आणि आता हितनं उठू नगासा. उद्या परत येतील ती."